खिळ्यावरची जोडी

३ जून, सोमवार

बाकावर बसता येत नाही. आजच्या सराव सामन्यात चाळीस मिनिटांत एकदाच बसलो, तेही नाडी बांधायला. बाकीचा वेळ रेषेच्या कडेने येरझाऱ्या. रेषेचा रंग माझ्याच बुटांनी उडवलाय, असं सफाईवाला म्हणतो.

मार्लीझ म्हणते, "अकरा वर्षं संसार झाला, जेवताना सोडून तुला कधी बसलेला पाहिला नाही. तुझ्याकडे बघून मलाच धाप लागते." बेकरीत पहाटेपासून उभी असते ती, तिने हे बोलावं!

प्रशिक्षक होऊन सात आठवडे झाले. एप्रिलपर्यंत मी आमच्या गावच्या फुटसाल, म्हणजे हॉलमधल्या फुटबॉलच्या, क्लबचा, सेरा अझुलचा बचावपटू होतो. सतरा हंगाम, मधली इटलीतली दोन वर्षं सोडून, पाठीवर पाच नंबर. मग डावा गुडघा तिसऱ्यांदा गेला, आणि त्याच आठवड्यात जुने प्रशिक्षक समुद्राकडच्या कुठल्यातरी मोठ्या क्लबकडे निघून गेले. आमचे अध्यक्ष सेऊ आर्लिंदो. टायरचं दुकान आणि क्लब दोन्ही एकाच गल्ल्यावर बसून चालवतात. त्यांनी बोलावलं आणि म्हणाले, "आदेलार, राज्य कप संपेपर्यंत संघ सांभाळ. पुढच्या वर्षाचं मग बघू."

मग बघू! या दोन शब्दांवर सात आठवडे लटकलोय. मला ही नोकरी हवी आहे. दुसरं येतं काय मला? कोंबड्यांच्या कारखान्यात परत जायचं, की फुटसालच्या हॉलमध्ये राहायचं, एवढाच प्रश्न आहे.

मार्चपर्यंत "देलार, पास दे की रे गाढवा" म्हणणारी पोरं आता "प्रोफेसर" म्हणतात. प्रशिक्षकाला इथे प्रोफेसरच म्हणायचं, मग तो सातवी नापास का असेना. मी सातवी पास आहे.

५ जून, बुधवार

मार्लीझने पकडलं.

हॉलमध्ये शिरायच्या बोळाच्या वर खिळ्यांची रांग आहे. आमच्या गावचा खेळाडू थांबला की त्याने ज्या बुटांत शेवटचा सामना खेळला ते तिथे टांगायचे. एकदा टांगले की काढायचे नाहीत. बावीस जोड्या आहेत. माझी तेविसावी, एप्रिलमध्ये टांगली. बँड होता, पाद्री होते, सेऊ आर्लिंदो रडले. मीही रडलो.

आज ती माझी पिशवी धुवायला काढत होती. "हे निळे बूट इथे कसे? हे तर खिळ्यावर आहेत ना?"

"खिळ्यावर आहे ती दुसरी जोडी."

"दुसरी म्हणजे?"

"इटलीची. माळ्यावर पडलेली."

हाताला पीठ होतं, ते पुसलं आणि एक बूट उलटा करून पाहिला. मग म्हणाली, "म्हणजे इटलीतला आदेलार थांबला. इथला चालूच आहे."

मी म्हटलं, लाकडी फरशीवर साधे बूट घसरतात, म्हणून बाकावर हेच घालतो. खोटं नाही ते. घसरतातच.

८ जून, शनिवार

उपांत्यपूर्व फेरी. ४–२ जिंकलो. घसा बसला. पिण्याच्या पाण्याच्या चार बाटल्या मी लाथाडल्या, म्हणून पंचाने तंबी दिली. पुढची फेरी नदीपलीकडच्या संघाशी. पहिला सामना त्यांच्याकडे, दुसरा आमच्याकडे.

१० जून, सोमवार

ओस्मारला बाकावर बसवलं. आयुष्यात याहून वाईट काम केलेलं आठवत नाही.

ओस्मार आमचा गोलकीपर, छत्तीस वर्षांचा. कारखान्याच्या संघात आम्ही दोघं एकाच दिवशी भरती झालो. तो पिसं उपटायच्या पट्ट्यावर, मी पाय कापायच्या. संध्याकाळी वास घालवायला लिंबू चोळायचं आणि खेळायला पळायचं. माझ्या लग्नात साक्षीदार तो. पण शनिवारी दोन्ही गोल लांबून आले, आणि दोन्ही वेळा तो चेंडू दिसल्यावर नाही, आवाज आल्यावर हलला. एकोणीस वर्षांचा माउरी सरावात मांजरासारखा उड्या मारतोय.

त्याच्या शाळेच्या गाडीत बसून सांगितलं. दिवसा तो पोरांची गाडी चालवतो. पोरं सोडून झाली होती, मागे कुणाचा तरी डबा राहिला होता. त्याने भोपळ्याच्या भांड्यात माते, म्हणजे आमचा कडू पाल्याचा चहा, भरलं, आधी स्वतः एक घेतलं, मग मला दिलं. नीट ऐकून घेतलं सगळं.

"तुला डोळ्यांना कमी दिसतंय," मी म्हटलं.

"दिसतंय कमी. मी कुठे नाही म्हणतोय?"

"मग चिडला नाहीस?"

"चिडलोय की. पण तू म्हणतोस ते बरोबर आहे, म्हणून गप्प आहे. वय झालं की बाजूला व्हावं. मला तू सांगितलंस." भोपळा परत घेतला. "तुला कुणी सांगितलं?"

म्हटलं, मी तर कधीच बाजूला झालोय, बूट खिळ्यावर आहेत. तो माझ्या पायांकडे बघून हसला. "सुंभ जळाला, पीळ आहे तसाच."

चिडलो. उतरून चालत घरी आलो. साडेतीन किलोमीटर, गुडघा सुजला.

१२ जून, बुधवार

हल्ली सकाळी सहाला हॉल उघडतो. कुणी नसतं. भिंतीवर चेंडू मारायचा, परत आला की तळव्याखाली दाबायचा. एवढंच. दोनशे वेळा. गुडघ्याला याचा त्रास नाही होत.

मला शिकवलं कुणी नाही. चर्चच्या मागच्या सिमेंटच्या पट्टीवर शिकलो. पट्टीच्या एका कडेला नाला होता. चेंडू नाल्यात गेला की ज्याच्या पायातून गेला त्याने उतरायचं. मी फार उतरलो, म्हणून चेंडू दाबायला शिकलो. पुढे याच एका गोष्टीवर कारखान्याने घेतलं, सेरा अझुलने घेतलं, इटलीवाल्यांनीही घेतलं. एकदा देशाच्या शिबिरातही बोलावलं होतं. नऊ दिवस राहिलो, दहाव्या दिवशी यादी लागली. माझं नाव नव्हतं. बसने सोळा तास परत. तेव्हा ओस्मार स्टँडवर आला होता, भाजलेले पिन्याऊं, पाइनच्या बिया, खिशातून काढून दिले. अजून गरम होते.

आता मी त्याला बाकावर बसवतो.

१५ जून, शनिवार

३–३. मला लाल कार्ड.

पाय आपोआप गेला. बाकी उद्या लिहीन.

१६ जून, रविवार

नीट लिहितो. बुधवारी शिस्त समितीपुढे हेच सांगायचंय.

दीड मिनिट उरलं होतं, तीन-तीन. आमचे पाच फाऊल भरलेले. सहावा झाला की दहा मीटरवरून त्यांना मोकळा फटका, मध्ये भिंत उभी करता येत नाही. म्हणून पोरांना ओरडून सांगत होतो, अंगाला हात लावू नका, नुसते आडवे राहा. तेवढ्यात आमच्या बाकासमोरच रुआनला नसते उद्योग सुचले. पोरगा सोन्यासारखा आहे, पण समोरच्याच्या दोन पायांमधून चेंडू काढल्याशिवाय त्याला जेवण जात नाही. गेला चेंडू. त्यांच्या डावखुऱ्याने आमच्या कडेने लांब पास सोडला. पुढे त्यांचा माणूस एकटा. त्याच्यापुढे फक्त माउरी.

चेंडू माझ्यासमोरून जात होता. रेषेच्या आत एक वीत. पाय गेला. तळव्याखाली चेंडू थांबला.

आणि वर मी तो रुआनला पासही दिला!

पंच माझ्याकडे आला तेव्हा त्यालाही हसू आवरत नव्हतं. कार्ड काढलं. माझा तो फाऊल संघाचा सहावा धरला. त्यांच्या कप्तानाने दहा मीटरवरून मारला, माउरीच्या गुडघ्याला लागून बाहेर. पोरगा लंगडत नाचला.

सवय आहे, दुसरं काय. सतरा वर्षं जो चेंडू समोरून गेला तो मी थांबवला. पाय विचारून जातो का?

मार्लीझ गॅलरीत होती. परत येताना गाडीत रेडिओ लावून खिडकीबाहेर बघत बसली.

१९ जून, बुधवार

समिती म्हणजे तीन जण आणि एक लांब टेबल. मधले टकले गृहस्थ कागद वाचून म्हणाले, "मुद्दाम असेल तर एक वर्ष. सवयीने असेल तर एक सामना. साक्षीदार?"

ओस्मार उठला. मी बोलावलं नव्हतं. सेऊ आर्लिंदोंनी आणला होता. इस्त्रीचा शर्ट, केस ओले करून बसवलेले.

"मी शेजारीच बसलो होतो," तो म्हणाला. "या माणसाच्या पायाला वीस वर्षं ओळखतो. त्याच्या घरी मांजर समोरून गेली तरी तो पाय घालतो. मुद्दाम नव्हतं."

तिघंही हसले. एक सामना बंदी.

बाहेर आल्यावर त्याचा हात धरला. "ओस्मार, फार केलंस रे." तो म्हणाला, गाडीची वेळ झाली, पोरं उभी असतील. गेला.

शनिवारी बाकावर कोण? आमच्याकडे दुसरा प्रशिक्षक नाही. सेऊ आर्लिंदोंनी ओस्मारचं नाव लिहून दिलं.

२२ जून, शनिवार

गॅलरीतून सामना! सतरा वर्षांत आमचा हॉल वरून कधी पाहिला नव्हता.

जागा मिळाली ती दोना ओतीलियांच्या शेजारी. त्यांचं वय ऐंशी, मांडीवर घोंगडी, दर सामन्याला तिसऱ्या रांगेत. त्यांचा आवाज मी झोपेतही ओळखेन. सतरा वर्षं मला वाटायचं, म्हातारी शिव्या देते.

"आलास वर?" त्या म्हणाल्या. "बरं झालं. आता बघ. तू पुढे गेलास की मागे डाव्या कोपऱ्यात बैलगाडी जाईल एवढी जागा सुटायची. तेच ओरडून सांगत होते. पालथ्या घड्यावर पाणी."

पाहिलं. खरं होतं. माझ्या जागी आता जो खेळतो तोही तसाच पुढे जात होता, आणि कोपरा मोकळा. मीच शिकवलंय त्याला!

खाली ओस्मार बसला होता. बसला होता, हे लिहून ठेवायला हवं. मांडीवर हात, तोंडात कसलीशी काडी. चौथ्या मिनिटाला उठला, त्या पोराला जवळ बोलावलं, बोटाने मागचा डावा कोपरा दाखवला. वरून नाही, खालून बघून. डोळ्यांना कमी दिसणारा माणूस! कोपरा बंद झाला.

मी मात्र वरून ओरडत होतो. "वेळ घे! बदल कर!" दोना ओतीलियांनी घोंगडीचं टोक माझ्या मांडीवर टाकलं. "उंटावरून शेळ्या हाकू नकोस. बस."

बसवेना. जिन्यात जाऊन उभा राहिलो. तिथून अर्धंच कोर्ट दिसतं.

१–२ हरलो. शेवटच्या मिनिटात रुआनचा फटका खांबाला लागला. पण इतकं शहाणं खेळताना हा संघ मी पाहिला नव्हता. माझ्या हाताखाली तर नाहीच. हे मी फक्त इथे लिहितोय.

२३ जून, रविवार

ओस्मार सकाळी पाटी आणि शिट्टी परत द्यायला आला. दारातच उभा राहिला.

"छान सांभाळलंस," मी म्हटलं.

"पोरं चांगली आहेत. रुआनला ओरडू नकोस, कानात सांग. ऐकतो." मग गाडीकडे जाता जाता वळला. "आणि देलार, पुढच्या वेळी पाय टाकायच्या आधी माझ्याकडे बघू नकोस. खोटं बोलायला मला जड जातं."

काय म्हणायचं होतं कुणास ठाऊक. घाईत होता.

२४ जून, सोमवार

संत जॉनच्या सणाचा जाळ पेटला चर्चच्या अंगणात. सगळं गाव जमलेलं. कप हरलोय, पण कुणाला सुतक नाही. माझ्या पायाची चित्रफीत राज्यभर फिरली म्हणे! ज्याच्या त्याच्या फोनवर मी, चेंडू दाबतोय आणि पास देतोय. खाटीक मंचावर चढून म्हणाला, "हा पाय मेला तरी गावासाठी धावेल." पोरीबाळी "पाय दाखवा" म्हणत मागे. बेकरीच्या मालकाने पायाच्या आकाराचा गोड पाव केला, आणि तो भाजायला लागला मार्लीझला.

"आपोआप गेलेला पाय, एक तुकडा घ्या," ती गिऱ्हाइकाला सांगत होती. माझ्याकडे न बघता.

ओस्मार जाळाच्या पलीकडच्या बाजूला पोरांना मक्याची कणसं भाजून देत होता. त्याच्याबद्दल मंचावरून कुणी काही बोललं नाही. मी बोलू शकलो असतो. हातात माईक होता.

२७ जून, गुरुवार

सेऊ आर्लिंदोंनी दुकानात बोलावलं. टायरच्या ढिगावर बसायला जागा केली. मी उभाच.

"दोन वर्षांचा करार. पगार वाढवलाय. खाटीक आणि बेकरीवाला दोघं शर्टावर जाहिरात द्यायला तयार आहेत. पण अट एकच, बाकावर तो पाय हवा. लोकांना तो पाय बघायचाय, आदेलार."

"आणि ओस्मार?"

"ओस्मार आहे की. पोरांच्या गाडीवर."

हेच हवं होतं. दहा आठवडे जीव टांगणीला होता तो याचसाठी. कागद खिशात घालून बाहेर आलो आणि गावाला तीन चकरा मारल्या. घरी यायला पाय वळेना.

२८ जून, शुक्रवार

सही केली नाही. उद्या करीन.

२९ जून, शनिवार

केली नाही.

सकाळी हॉलमध्ये भिंतीवर चेंडू मारला, दाबला. दोनशे झाले, मोजायचं थांबवलं नाही. तीनशे, चारशे. बोळातून बाहेर पडताना वर बघितलं. तेवीस जोड्या. बावीस खऱ्या.

३० जून, रविवार

मार्लीझला विचारलं, "तू गॅलरीत होतीस. तुला काय दिसलं?"

ती मटार सोलत होती. "मला काय विचारतोस? पाय तुझा आहे."

१ जुलै, सोमवार

पाय आपोआप गेला नव्हता.

रुआनने चेंडू घालवायच्या आधीच कळलं होतं की घालवणार, आणि कुठून जाणार. दोन पावलं पुढे सरकलो. ओस्मारकडे पाहिलं. त्याने मान हलवली, नको. तरी टाकला. गोल वाचवायला नाही. गोल मला दिसलाच नाही. चेंडू हवा होता.

सकाळी सेऊ आर्लिंदोंना सांगितलं. त्यांनी गल्ला बंद केला. मग म्हणाले, "हे आणखी कुणाला सांगू नकोस. सही कर." मी म्हटलं, सही ओस्मारची घ्या. पुन्हा समोरून चेंडू गेला तर मी पुन्हा पाय टाकीन. असा माणूस रेषेजवळ ठेवू नये.

मग सफाईवाल्याकडून शिडी घेतली. मार्लीझने खालून धरली. इटलीची जोडी काढली, निळी टांगली. काढायची नसते, पण माझी खरी जोडी तिथे कधी टांगलेलीच नव्हती. इटलीचीच पायात घालून घरी आलो. अंगठ्याला लागते.

संध्याकाळी दारात माते घेत बसलो. मार्लीझ म्हणाली, पाऊण तास झाला तुला बसून.